जांभळीखालचा थांबा

काका, आज तुमचं मशीन मी बंद केलं.

तीन आठवडे ते सुरूच होतं. लॅबमध्ये सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की हात लावू नका, टेस्ट चालू आहे. टेस्ट कसली चालू होती? त्या शनिवारी घरी जायची एसटी धरायच्या घाईत तुम्ही चित्र मध्येच थांबवून गेलात, तेच पडद्यावर होतं. तुमच्या वाडीचा नकाशा, ओढा, खिंडीचा चढ, आणि चढाच्या निम्म्यावर, जांभळीच्या वळणाला, एक हिरवा ठिपका. वीज गेली तर तो जाईल, म्हणून मी रोज इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी बघायला लागले. हे काम तुमचं होतं. तुम्ही असताना मी एकदाही त्या बॅटरीकडे बघितलं नव्हतं.

मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजातल्या सभेत तुमच्याविषयी चार शब्द बोल, असं सर म्हणाले तेव्हा मी उभी राहिले आणि खाली बसले. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहिते आहे. ते चांगलं नाही, एवढं आधी सांगते.

तुमच्या ओळखपत्रावर लॅब अटेंडंट लिहिलेलं होतं. भोरच्या आमच्या कॉलेजात तुम्हाला सगळे बबनकाकाच म्हणायचे. मी पहिल्या वर्षी आले तेव्हा कॉम्प्युटर सुरू कसा करतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शिवऱ्याच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, विचारणार कुणाला? बाकीच्या मुलींचे पडदे उजळले आणि मी काळ्या पडद्यासमोर माऊसवर हात ठेवून बसले होते. तुम्ही मागून आलात, टेबलाखालचं बटण दाबलंत आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणालात, "ह्ये मशीन रोज रुसतं. तुझी काय चूक न्हाई."

मशीन रुसलेलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

मी तुमच्याशी पुस्तकातलं बोलायचे. "काका, हे तिथे ठेवू का?" असं. एकदा तुम्ही विचारलंत, "घरी बी आसंच बोलती व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं.

"मंग हितं काय मार्क देत्यात का?"

त्यानंतर तुमच्याशी बोलताना मला जीभ सांभाळावी लागली नाही. कॉलेजात अशी जागा एकच होती.

मग शेवटच्या वर्षी ते काम आलं. जोराच्या पावसात दरडीची भीती असली, तर डोंगरातल्या वाडीची माणसं किती वेळात सुरक्षित जागी पोहोचतील, हे पडद्यावर चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर पुण्यातली एक छोटी कंपनी बनवत होती. ते पुरतं झालं नव्हतं. दर तीन-चार आठवड्यांनी एक अर्धीकच्ची आवृत्ती यायची, तिला बीटा म्हणतात. ती आम्ही चालवून बघायची आणि चुका कळवायच्या. सरांनी त्यासाठी एक मशीन वेगळं काढायला सांगितलं आणि ते उभं करायला तुम्हाला आणि मला दिलं. नकाशा तुमच्या वाडीचा घ्यायचं ठरलं, कारण हिर्डोशीच्या वरच्या अंगाला असलेली ती वाट लॅबमध्ये कुणी चाललं असेल तर तुम्हीच.

कोपऱ्यातल्या मशीनवर गेम खेळणारी पोरं तुम्ही पहिल्या दिवशी उठवलीत. "चला, ह्ये मशीन आता सोवळ्यात." त्याची इंटरनेटची वायर काढून गुंडाळी करून खिळ्याला टांगलीत. सगळं नव्यानं भरलेल्या, काहीही न वापरलेल्या मशीनची एक कोरी प्रत आपण वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली, आणि ती डिस्क तुम्ही धुतलेल्या फडक्यात बांधून कपाटात ठेवलीत. नवी बीटा आली की आधी मशीन पुसायचं, म्हणजे आतलं सगळं काढून टाकायचं, मग ती कोरी प्रत त्यात उतरवायची, घड्याळ तपासायचं, नकाशा घालायचा आणि मगच बीटा घालायची. तीनदा चालवायची. मागच्या आवृत्तीचा कणसुद्धा आत राहिला तर निकाल खोटा, हे सरांनी एकदाच सांगितलं होतं. तुम्ही ते अंगी लावून घेतलंत. मी कधी घाईत म्हटलं, "काका, या वेळी न पुसता घालू, काय फरक पडतोय," तर तुम्ही हातातली लॅबची चावी खिशात टाकून खिडकीपाशी जाऊन उभे राहायचात. पुसेपर्यंत वळायचा नाहीत.

आणि ती लांब वही. "एका येळी एकच गोष्ट बदलायची," हे तिच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात आहे. दुसरा नियम तुम्ही लिहिला नाहीत, बोटानं दाखवलात. मी एक चुकलेला आकडा गिचमिड करून खोडला होता. तुम्ही म्हणालात, "आसं न्हाई. खोडायचं तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. उद्या खोडलेलंच खरं निघालं तर?"

काका, हे तुम्ही म्हणाला होतात. तुम्हाला आठवत होतं का, ते मला माहीत नाही.

पहिल्या बीटामधली माणसं सॉफ्टवेअरनं स्वतःच केलेली होती. सगळी एका चालीनं निघाली आणि खिंडीपलीकडच्या शाळेत जाऊन पोहोचली. तुम्ही खो खो हसलात.

"ही मानसं हायत का मोटारसायकली? कुणाच्या डोक्यावर काय न्हाई, काखंत पोर न्हाई, मागं शेरडू न्हाई. ह्या चढाला आमची म्हातारी आसली पळंल?"

"मग कुणाचं चालणं घालायचं?"

"माझं घाल की."

पुढच्या रविवारी तुम्ही मोबाईलवर चालण्याची नोंद सुरू करून, तो सदऱ्याच्या खिशात टाकून वाडीपासून शाळेपर्यंत चाललात आणि सोमवारी ती नोंद घेऊन आलात. आपण ती मशीनमध्ये घातली. तिला नाव दिलं बबन-१. एकच थांबा होता, जांभळीखाली, अर्ध्या मिनिटाचा. "चपलीत खडा घुसला हुता," तुम्ही म्हणालात. पडद्यावर वाडीतल्या इतर ठिपक्यांमधून एक हिरवा ठिपका निघाला, ओढा ओलांडला, चढावर थांबला, पुन्हा चालू लागला. तुम्ही कमरेवर हात ठेवून स्वतःला बघत होता. "बरं चालतंय बेनं," म्हणालात.

ती नोंद मग कोऱ्या प्रतीबरोबर कायमची ठेवली गेली. दर बीटाला तोच बबन-१. आवृत्ती बदलायची, माणूस बदलायचा नाही. काम एवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण तुम्ही घरी गेलात की पुन्हा एक नोंद घेऊन यायला लागलात. मी मागितली नव्हती. सोमवारी डबा ठेवायच्या आधी वही उघडून तुम्ही स्वतः लिहायचात, कुठं थांबलो, किती वेळ. दुसऱ्या नोंदीत जांभळीखाली दोन मिनिटं. मी विचारलं तर म्हणालात, म्हसरं आडवी आली. तिसरीत ओढ्यापाशी पण एक थांबा. फोन आला होता म्हणे. चौथीत पाव्हणा भेटला होता. ओढ्यापाशी फोनला रेंज नसते, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलं होतंत.

मला राग यायचा, काका. खरं सांगते. माझ्या डोक्यात तेव्हा प्रोजेक्ट होता, मार्क होते, कंपनीतल्या लोकांसमोर आपली टेस्ट पक्की दिसावी, असं होतं. तुमच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि न जुळणारा आकडा म्हणजे चूक, एवढंच मी शिकले होते. मी प्रत्येक नोंदीवर लाल पेनानं रेघ मारायचे आणि शेजारी लिहायचे, "रद्द. अडथळा."

शेवटचा सोमवार. नववी नोंद. थांबे चार, जांभळीखालचा अकरा मिनिटांचा.

"काका, आता नवीन नका आणू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुमचंच आहे ना? मग माणूस तोच ठेवायचा."

"मानूस त्योच ऱ्हातो व्हय गं?"

"टेस्टमध्ये राहतो."

तुम्ही हसलात. माझ्या हातातल्या लाल पेनाकडे बघितलंत. "मार मंग रेघ," म्हणालात, "पर एकच मार." आणि चहा सांगायला बाहेर गेलात.

त्यावर मला पुढं काहीतरी बोलायचं होतं. चहा आला, पोरं आली, राहून गेलं. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शनिवारी तुम्ही दारातून हात केलात, तेव्हा मी मान वर न करता "हां काका" म्हटलं. आपल्यातलं शेवटचं बोलणं तेवढंच.

सोमवारी लॅबला कुलूप होतं. आम्ही बाहेर पायरीवर बसलो होतो आणि तुम्हाला उशीर झाला म्हणून चिडवायचं ठरवत होतो. एसटी चुकली असेल, असं मीच म्हटलं. मग सर आले. आदल्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात बसलात आणि उठला नाहीत, एवढंच त्यांना फोनवर कळलं होतं. लॅबची चावी तुमच्याच खिशात राहिली होती. ऑफिसातून दुसरी चावी आणून दार उघडलं, तेव्हा आत तो हिरवा ठिपका जांभळीखाली उभा होता.

त्या दिवसापासून मी भ्यायला लागले. तुमची भीती नाही. बबन-१ ची. मला कळलं होतं की मी कोरी प्रत कितीदाही उतरवली, तरी दर वेळी तो वाडीतून निघेल. चांगला ठणठणीत. चपलीतला खडा काढेल आणि वर चढेल. त्याला काहीच झालेलं नसेल. दुपारी लॅबमध्ये कुणी नसलं की मी त्या मशीनकडे पाठ करून बसायचे, आणि पाठीमागं तुम्ही आता चालू लागाल असं वाटत राहायचं. खुर्चीचं चाक वाजलं तरी मी वळून बघायचे.

मागच्या बुधवारी काकी आल्या. तुमची छत्री, डबा आणि कपाटातली चप्पल न्यायला. हिर्डोशीच्या सकाळच्या गाडीनं निघून, एकट्याच. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"तूच का रेश्मी?" त्या म्हणाल्या. "तुझं लई सांगायचे. लई भांडती म्हनायचे."

मी त्यांना खुर्ची पुढं केली.

"त्या मशीनमदी ह्यांचं चालनं हाय म्हनं. दावती का?"

मी चित्र पुन्हा सुरुवातीला घेतलं. तुम्ही थांबवलेलं ते माझ्याच हातानं हललं, पण त्यांना नाही कसं म्हणणार? काकींनी पदरानं चष्मा पुसला आणि पडद्याला हात लावू की नको, असं करत बोट हवेतच फिरवलं. "ह्यो वढा. ही खिंड. आन हे कंच्यात हायत?"

"ह्यो हिरवा ठिपका."

ठिपका ओढ्यातून पलीकडं गेला. जांभळीखाली जरा थांबला आणि निघाला. काकी बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्ये अलीकडचं न्हाई."

"कशावरून काकी?"

"आगं, अलीकडं एवढं चालवत नव्हतं. जांभळीखाली बसायचे. मी संगं आसले की म्हनायचे, तू हो म्होरं, मी तंबाकू मळून आलो. तंबाकू सोडून दोन वरसं झाल्ती." त्यांनी छत्री मांडीवर नीट आडवी ठेवली. "म्या म्हनायची, भोरला डाक्टरला दावा. तर म्हनायचे, दर सोमवारी सगळं सांगतो की, ती पोरगी समदं लिवून ठेवती. लिवलंस ना?"

मी "हो" म्हटलं.

काका, त्या एका शब्दानं मला धरून ठेवलंय. काकी गेल्या, मी त्यांना एसटी स्टँडवर सोडून आले, परत येऊन वही उघडली. दुसरी ते नववी, आठ नोंदी, आठ लाल रेघा. प्रत्येकीखाली तुमचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. ओढा, एक मिनिट. ओढा, दोन. जांभूळ, चार. जांभूळ, सात. एखाद्या परक्या माणसाचे आकडे म्हणून जरी मी ते एका खाली एक वाचले असते, तरी कळलं असतं. वाचले नाहीत. मी ते फक्त खोडले.

तुम्ही ते कुणासाठी आणत होता? हे मला कुणीच सांगू शकणार नाही. काकींपासून लपवत होता, डॉक्टरकडे जात नव्हता. पण वहीत मिनिटामिनिटाचं खरं लिहीत होता आणि तोंडानं मात्र म्हसरं सांगत होता. कुणीतरी ओळखावं असं होतं का? की तुम्हाला खरंच एवढंच वाटत होतं, की चालणं बदललं आहे तर टेस्टमध्ये बदललेलं जायला पाहिजे? दुसरं खरं असेल तर आपलं भांडण तुम्ही जिंकलं आहे. पहिलं खरं असेल तर मी काय करू, ते मला ठाऊक नाही. कदाचित मी वाचलं असतं आणि "काका, दवाखान्यात चला" म्हटलं असतं, तरी तुम्ही माझी चेष्टा केली असती. कदाचित आला असता. या दोन कदाचितांच्या मध्ये मी रोज एसटीत बसते आणि शिवऱ्याला उतरते.

काल नवी बीटा आली. आज सकाळी मी एकटीनं सगळं लावलं. वायर खिळ्याला आहे ना ते बघितलं. कपाटातून डिस्क काढली. फडक्याची तुमची गाठ सुटेना, दातानं सोडवली. मशीन पुसायचं बटण समोर आलं आणि माझा हात थांबला, कारण त्याबरोबर तुम्ही त्या शनिवारी उघडलेलं, ठेवलेलं, तुमच्या हाताचं जे काही आत होतं, ते सगळं जाणार होतं. न पुसता घालू, काय फरक पडतोय, असं मनात आलं. मग मी खिडकीकडे बघितलं. तिथं तुम्ही पाठमोरे उभे आहात असं वाटलं, खिशात चावी टाकून.

मी मशीन बंद केलं आणि पुसलं. कोरी प्रत उतरवली, घड्याळ तपासलं. मग वहीतल्या खोडलेल्या नवव्या नोंदीवरून, तुमच्या थांब्यांवरून आणि मिनिटांवरून, एक नवा माणूस भरला. बबन-९. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणून नवी बीटा बाजूला ठेवली आणि आधी जुनीच आवृत्ती पुन्हा चालवली. मी पास म्हणून कळवलेली, माझ्या सहीची.

दोघं एकदम निघाले. बबन-१ पुढं गेला. बबन-९ ओढ्याच्या कडेला थांबला, चढाच्या पायथ्याशी थांबला. इतर ठिपके त्याच्या बाजूनं निघून गेले. बबन-१ शाळेत पोहोचला. बबन-९ जांभळीखाली थांबला. एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, की सर्व व्यक्ती सुरक्षित स्थळी पोहोचल्या. वेळ मोजणं बंद झालं. ठिपका तिथंच होता.

जो फार वेळ थांबतो त्याला ते सॉफ्टवेअर पोहोचला असं धरतं. पहिल्यापासून धरत असणार. बबन-१ अर्धाच मिनिट थांबायचा, त्याच्यामुळं ते कधी दिसलं नसतं. बबन-४ नं दाखवलं असतं. पाच, सहा, सात, आठ, कुणीही दाखवलं असतं. त्या प्रत्येकाला मी रद्द केलं होतं आणि खाली पास लिहून सही केली होती. पुढच्या महिन्यात वेल्ह्याकडच्या एका खोऱ्याचा नकाशा यात घालायचा आहे. तिकडं पण कुणीतरी चढावर बसत असेल आणि घरच्यांना तंबाखू सांगत असेल.

मग नवी बीटा घातली. आधी पुन्हा पुसून. तीनदा चालवली. तिन्ही वेळा तेच.

सरांना मी सगळं सांगितलं, रेघांचंसुद्धा. ते बराच वेळ वही चाळत बसले आणि मग म्हणाले, "तुझ्या शब्दांत लिही आणि पाठव. मागचे निकाल पण मागे घे." काकींना अजून सांगितलेलं नाही. रविवारी सकाळी हिर्डोशीची गाडी धरणार आहे. वही बरोबर नेणार आहे. मी "हो" म्हटलं होतं, ते तेव्हा खोटं होतं, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे. मग त्यांनी येऊ दिलं तर त्या वाटेनं शाळेपर्यंत चालायचं आहे. जांभळीखाली मी अकरा मिनिटं बसेन. तिथं बसल्यावर काय दिसतं, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही.

वहीत आठ रेघांशेजारी आज मी "रद्द" या शब्दावर रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. आणि कंपनीला जो कागद गेला त्यावर तुमच्या पद्धतीनं लिहिलं, तारीख, आवृत्ती, मशीन पुसल्याची खूण. खाली हे.

निकाल: नापास. सर्व व्यक्ती पोहोचल्या असं पडद्यावर येतं. ते चूक आहे. एक माणूस अजून वाटेवर आहे.